दाराला आतून कडी

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

आमच्या लग्नाला येत्या बारा तारखेला चाळीस वर्षं होतात, हे मला माहीत होतं. मालनने सकाळी आठवण करून दिली ती गोष्ट वेगळी. दुपारी जान्हवी, आमची लेक, अंधेरीहून आली आणि पानं वाढायच्या आधीच तिने माझ्या हातात एक सोनेरी पाकीट ठेवलं. आत काय, तर फोर्टातल्या विंडरमियर हॉटेलात शुक्रवार ते रविवार दोघांचा मुक्काम! तोही समुद्राच्या अंगाला, बाहेर बैठकीची खोली आणि आत झोपायची.

विंडरमियर म्हणजे इंग्रजांच्या काळातलं हॉटेल. बाबा गिरणीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी परळच्या एका खोलीत राहणाऱ्या सगळ्या गावकऱ्यांबरोबर समुद्रावर जायचे. मी त्यांच्या बोटाला. विंडरमियर आलं की समोरच्या फुटपाथवर सगळे थांबायचे आणि त्या दाराकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने फेटेवाला दरवान हात हलवायचा, "चलो, आगे चलो." की वीसेक माणसं निमूट पुढे. बाबा मागे वळून म्हणायचे, "आत गालिचो आसतलो."  एवढंच.

जान्हवीने मला बाल्कनीत नेऊन दम भरला. "बाबा, फक्त तुम्ही दोघं. कोणाला सांगायचं नाही. गावच्या ग्रुपवर तर अजिबात टाकायचं नाही. आईला चाळीस वर्षांत तुमच्यासोबत दोन दिवस मिळालेले नाहीत."

"वेडी की काय तू? चाळीस वर्षं मी कुठे गेलो होतो? इथेच तर आहे."

तिने कपाळाला हात लावला. हल्लीच्या मुलांना प्रत्येक गोष्टीचा तमाशा करायची सवयच आहे.

मालन दारामागून पुढे आली. फक्त हळूच विचारलं, "अहो, तिथे दाराला आतून कडी असेल ना?" तिला पहिल्यापासून चोरांची फार भीती. मी म्हटलं, एवढं मोठं हॉटेल, बंदोबस्त चोख असणार.

मंगळवार, २ डिसेंबर

आमचं घर वन बीएचके असलं तरी मोठ्या मनाचं आहे. माझी थोरली बहीण सुगंधाआक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली, त्याला तीन पावसाळे झाले. डोळा झकास झालाय, पण तपासणी असते मधूनमधून. ती आत मालनबरोबर झोपते. पुतण्या खंडू नोकरी लागेपर्यंत म्हणून आला होता. नोकरी लागली, बढतीही मिळाली. तो आणि मी हॉलमध्ये. शिवाय कोणी परीक्षेला येतं, कोणी इस्पितळाला, कोणी नुसतंच येतं. भटवाडीत कोणालाही विचारा, घाडीगावकरांचं दार कधी लागलेलं दिसत नाही. बाबांच्या परळच्या खोलीची रीत मी घाटकोपरात राखली, याचा मला अभिमान आहे.

बेडरूमच्या दाराची कडीसुद्धा मीच उचकटून टाकली. आक्का एकदा आत अडकली होती आणि तिने सगळी इमारत गोळा केली होती. स्क्रूच्या भोकांत मालनने कापूस भरून ठेवलाय. का, ते देव जाणे.

परळच्या खोलीवरून आठवलं. लग्न होऊन मालन तिथे आली, तेव्हा दोरीवर साडी टाकून आमचा कोपरा केला होता. साडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बाकी सगळे. आम्ही जरा कुजबुजलो की पलीकडून आमच्या गावच्या विद्याधरचे वडील खोकायचे. शेवटी आम्ही बोलणंच सोडून दिलं. हा किस्सा मी कुठेही सांगितला की लोक पोट धरून हसतात. मालन बहुतेक तेवढ्यात चहा टाकायला उठते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मी कोणालाही बोलावलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

वाकोल्याहून विद्याधरचा फोन आला. आमच्या गावच्या मंडळाचा अध्यक्ष. बारा तारखेला काय करतोस, असं त्यानेच विचारलं. आता खोटं बोलायचं का? सांगितलं. मग ग्रुपवर हॉटेलचा एक फोटो टाकला. जान्हवी म्हणाली होती की बातमी टाकू नका. मी बातमी टाकली नाही, फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं, 'आपले बापजादे ज्याच्यासमोर उभे राहायचे, तिथे आता आपली खोली.' यात बोलावणं कुठे आहे?

अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. दोघातिघांनी 'येतो' असंही लिहिलंय, पण लोक काय, लिहितात.

बुधवार, १० डिसेंबर

मालनचं काय बिनसलंय कळत नाही. म्हणजे चांगल्या बाजूने बिनसलंय. काल दादरला जाऊन जांभळी साडी घेऊन आली. आज भांडी घासताना गुणगुणत होती. बॅगेत तिने पत्त्यांचा कॅट ठेवलेला मी पाहिला.

"हे कशाला गं?"

"आपण दोघांनी कधी डाव मांडलाच नाही."

"दोघांत कसले पत्ते? चारजण तरी हवेत."

तिने कॅट काढला नाही, उलट साडीच्या घडीत नीट खुपसला.

आक्का दिवसभर कण्हतेय. "तुम्ही जातलास, खंडू कामार जातलो. माका एकटेक करमना नाय रे दशरथा." मी म्हटलं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. त्यावर ती म्हणाली, माझा काय भरवसा. हा मुद्दा बिनतोड होता.

शुक्रवार, १२ डिसेंबर

दरवानाने सलाम ठोकला! मी दोन पावलं मागे आलो आणि पुन्हा दारातून गेलो. त्याने पुन्हा ठोकला. आत खरंच गालिचा आहे. बाबा, गालिचा आहे.

आमच्या मजल्याची व्यवस्था धम्मपाल नावाच्या माणसाकडे आहे. चेंबूरचा, आमच्या जान्हवीच्या वयाचा, बोलायला गोड. त्याने दिवे, पंखे, नहाणीघरातला पाय फुटलेला पांढरा टब, सगळं दाखवलं. पाय फुटलेला म्हणजे तुटलेला नव्हे. टबाला सिंहाचे पंजे आहेत. मालनचं लक्ष मात्र दाराकडे. पितळेची कडी, वर साखळी. तिने कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मुठीला रेशमी दोरीने एक पाटी टांगलेली होती, ती हातात घेऊन धम्मपालला विचारलं, "हे काय?"

"ही बाहेर लावायची मॅडम. म्हणजे तुम्ही उघडेपर्यंत कोणी बेल मारत नाही."

"कोणीच नाही?"

"मॅनेजर आले तरी नाही."

तो बाहेर पडल्याबरोबर तिने पाटी बाहेर लावली आणि कडी घातली. मग खिडकीत जाऊन उभी राहिली. पंख्याचाही आवाज नव्हता. समोर समुद्र, आत आम्ही दोघं. मला म्हणाली, "बसा ना."

मी बसलो. ती बसली. खरं लिहायचं तर मला काही सुचेना. बायकोशी बोलायचं म्हणजे गॅस आला का, आक्काची गोळी दिलीस का, असंच ना? इथे गॅस नाही आणि आक्काही नाही. ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा तर मला धास्तीच वाटली. मी घाईने फोन काढला आणि आक्काला खुशाली कळवली. अडीअडचणीला असावा म्हणून खोलीचा नंबरही कळवला.

दोन तासांत आक्का हजर. सोबत खंडू आणि तिची स्वतःची उशी. नशीब, मी आधीच बाहेर जाऊन ती पाटी काढून खणात टाकली होती. घरचं माणूस दारात येतं आणि 'त्रास देऊ नका' वाचतं, बरं दिसतं का? मालनला हे समजावून सांगितलं.  जांभळी साडी तिने परत बॅगेत ठेवली.

धम्मपालने आक्कासाठी जादा पलंग आणून टाकला. आक्का त्यावर बसून म्हणाली, "लय मऊ आसा गो. माझी कंबर धरतली. मालन, तू हय निज, मी मोठ्या पलंगार बघतंय." म्हणजे शेवटी घरच्यासारखीच सोय लागली. त्या दोघी आत, मी आणि खंडू बाहेर सोफ्यांवर. खंडू फक्त भेटायला आला होता, पण त्याला सोफा आवडला.

शनिवार, १३ डिसेंबर

दुपार. घाईत लिहितोय, कारण बसायला जागा नाही.

अकरा वाजता विद्याधर आला, बायको-मुलांसकट. येताना वडे आणि कोंबडीचा डबा. मग मंडळाचे खजिनदार, मग कांदिवलीचे दोन चुलतभाऊ, मग असे काही लोक ज्यांना मी ओळखत नाही, पण ते मला ओळखतात. खाली रिसेप्शनवर दरवेळी मलाच जावं लागलं. "हे पण आपलेच," असं मी म्हणायचो. तिथल्या मुलीने शेवटी विचारणं सोडलं आणि मला बघितलं की नुसती मान हलवू लागली. तरी, भेटायला आलेल्यांनी संध्याकाळी जायचं, हे मात्र तिने मला तीनदा ऐकवलं.

टबासाठी रांग लागली आहे. खांद्यावर टॉवेल टाकून सगळे भिंतीला धरून उभे, अगदी परळच्या नळावर असायचे तसे. विद्याधर आत गेला की बाहेर येईना. खजिनदारांनी दार वाजवून "अध्यक्ष, मुदत संपली!" असं ओरडल्यावर जो हशा झाला! बाबा हवे होते. एकेकाला मी गालिच्यावर अनवाणी चालायला लावलं. बाबांच्या वेळचे एक म्हातारे काका तर चालता चालता रडले. मलाही भरून आलं. फुटपाथवरची सगळी खोली आज मी आत आणली.

चहा मात्र कमी पडतोय. खोलीतल्या किटलीत एका वेळी दोनच कप होतात. मालन सकाळपासून किटलीपाशी उभी आहे. दोन कप भरते, देते, विसळते, पुन्हा लावते. विद्याधर म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातचो चाय म्हणजे चाय." ती हसली. मी म्हटलं, बघ, हॉटेलात येऊनसुद्धा तुझंच कौतुक.

आत्ता तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "साखर संपली. घेऊन येते." आत जाऊन बॅग उघडली, पिशवी भरली आणि येताना खणातून काहीतरी काढून तिच्यात टाकलं. बहुधा रुमाल.

टाळ निघाले आहेत. भजन सुरू होतंय. बाकी नंतर लिहितो.

रविवार, १४ डिसेंबर

हे घरी, भटवाडीत बसून लिहितोय. कसा आलो ते सांगतो.

साखर आणायला गेलेली मालन आलीच नाही. दोन अभंग झाले, तीन झाले. फोन लावला तर बंद. मी उठलो, तसं अख्खं मंडळ उठलं. बाजूच्या खोल्यांच्या बंद दारांसमोरून आमचा मोर्चा निघाला. भिंतीवर गव्हर्नरांच्या तसबिरी आणि त्यांच्याखाली आक्का ओरडतेय, "मालन गोऽऽ!" धम्मपाल जिन्यापाशी भेटला. सगळ्यांनी त्याला घेरलं. तो म्हणाला, "कल्पना नाही सर." मग मी, विद्याधर आणि खंडू खाली गेलो. व्हरांडा बघितला, बाग बघितली. वर येताना पुन्हा धम्मपाल. "कल्पना नाही सर," पुन्हा तेच. पण या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग विद्याधरकडे बघितलं.

विद्याधर म्हणाला, हरवली अशी तक्रार देऊ, वर्णन सांग. अंगात काय होतं? मला आठवेना. सकाळपासून ती माझ्यासमोर उभी होती. वीसेक माणसांच्या चहात साखर किती, हे मी तिला सांगत होतो, पण तिच्या अंगात कोणती साडी होती ते मी बघितलंच नव्हतं.  बाकीच्यांना वर टबाच्या रांगेत परत पाठवलं आणि त्या मोठ्या लाकडी जिन्याच्या पायरीवर एकटाच बसलो. मालन नसली तर आपलं काय, हा विचार आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात आला आणि मला रडूच फुटलं. एक गोरी बाई पाण्याची बाटली देऊन गेली.

तोंड पुसून मी धम्मपालकडे गेलो. तो मागच्या बाजूला चादरी मोजत होता. "अरे बाबा, तुला खरंच काही माहीत नाही?"

त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "एकटेच आहात ना सर?"

"एकटाच."

"मॅडमनी सांगितलंय. घोळक्याने आले तर सांगू नकोस. एकटे विचारायला आले तर सांग, मी घरी गेले. टॅक्सी मीच बघून दिली."

"घरी? पण घरी कोण आहे?"

"कोणीच नाही ना सर," धम्मपाल म्हणाला. "सगळे तर इथे आहेत."

मी जिन्यापाशी परत आलो. मग चप्पल शोधली आणि वर न जाता तसाच निघालो. दरवानाने सलाम केला, तोही घ्यायचा राहिला.

भटवाडीत पोचलो तेव्हा शेजारपाजारचे दिवे लागत होते. आमचं दार बंद. मुठीला रेशमी दोरीने टांगलेली विंडरमियरची पाटी. त्रास देऊ नका. मी बेल मारायला हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. मग बेल सोडून बोटाने हळूच टकटक केली.

आतून आवाज आला, "कोण कोण आलंय?"

"मी."

"आणखी?"

"कोणी नाही."

"आक्का?"

"आक्का टबात आहे."

"आणि खंडू?"

"टॉवेल घेऊन उभा. पुढचा नंबर त्याचा."

"शपथ?"

"तुझी शपथ, मालन."

दार उघडलं. जांभळी साडी तिने नेसली होती. केसांत गजरा. घर इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. सोफ्यावर खंडूचं पांघरूण नाही, खिडकीत आक्काचं लुगडं नाही. जमिनीवर चटई घालून तिने पत्ते वाटून ठेवले होते, दोन डाव. मी आत आलो आणि कडी मीच लावली.

"एवढं हॉटेल सोडून इथे आलीस?" मी विचारलं.

"हॉटेल कोणाला हवं होतं?" ती म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचं होतं. कोणी खोकणार नाही असं."

मला फार लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही. आदल्या दिवशी तिथे ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मला भीती वाटली होती, हेसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "मलाही वाटत होती. म्हणून तर पत्ते घेतले."

तेवढ्यात विद्याधरचा फोन. "अरे, खय आसस तू? वहिनी गावली काय? आणि चाय कोण करतलो?" मी म्हटलं, गावली, काळजी नको, किटली खोलीतच आहे. आणि फोन बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवला.

दोघांतही पत्ते खेळता येतात. मालनने मला लागोपाठ हरवलं. मग लक्षात आलं, ती हुकमाची पानं मांडीखाली दाबून ठेवते. चाळीस वर्षं संसार केला, ही बाई एवढी लबाड आहे याचा मला पत्ता नव्हता. पकडल्यावर इतकी हसली की मला वाटलं, आता पलीकडून कोणीतरी खोकणार. कोणी खोकलं नाही.

पुढचं वहीत लिहायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

मंडळी रविवारी दुपारी खोली सोडून परत आली. म्हणजे आक्का आणि खंडू आमच्याकडे; बाकीची आदल्या दिवशीच आपापल्या घरी गेली होती. जादा पलंग आक्काच्या नावावर होता म्हणून निभावलं, असं धम्मपालने फोनवर सांगितलं. बाकीच्यांना त्याने शनिवारी संध्याकाळी हात जोडून खाली पोचवलं होतं. पाटीबद्दल मी माफी मागितली, तर म्हणाला, ती मीच दिली समजा सर.

जान्हवीने विचारलं, "मग? दोघांनी केलं ना एन्जॉय?" मी म्हटलं, हो. घरगुती वातावरण होतं.

आक्काला मी आज समोर बसवून सांगितलं की आठवड्यातून एक दुपार तिने खंडूबरोबर विद्याधरकडे वाकोल्याला जायचं. ती रुसली. मग विचारलं, "तेका टब आसा काय?" मी म्हटलं, विचारून बघतो.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून पितळेची कडी आणली. खंडू स्क्रू पिळायला बसला आणि म्हणाला, "काका, बेडरूमला आता कडी कशाला?"

"तुझ्या काकीला चोरांची फार भीती वाटते रे."

मालन मागे उभी होती. तिने केसांतली पिन काढली, पुढे झाली आणि जुन्या भोकांतला कापूस एकेक करून बाहेर ओढला.